फडावर निघण्याआधीचा बारावा आठवडा

दिवाळी झाली की बीडकडच्या जोड्या ट्रॅक्टरवर बिऱ्हाड चढवून ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल खर्चून झालेली असते, त्यामुळे बाईला तिसरा महिना असला तरी जावंच लागतं. प्रीएक्लॅम्पसिया या गरोदरपणात बीपी चढवणाऱ्या आजारावरचं संशोधन वाचताना मला हेच वेळापत्रक आठवतं.

हा आजार कळतो विसाव्या आठवड्यानंतर: बीपी १४०/९० किंवा त्याहून वर, बहुधा लघवीत प्रथिन. पुढे झटके येऊन आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. बिघाड मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. वार (प्लासेंटा) रुजताना गर्भाशयाच्या नागमोडी रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात. त्या अरुंदच राहिल्या, तर पाटाच्या पाण्यावर वाढायचं पीक ठिबकच्या एका नळीवर यावं तशी वारेची गत होते. अशी उपाशी वार आईच्या रक्तात एसफ्लिट-१ नावाचं प्रथिन जास्त सोडते आणि ते रक्तवाहिन्या जपणाऱ्या पीएलजीएफ या दुसऱ्या प्रथिनाला धरून बसतं. अनंत करुमंची यांच्या बॉस्टनमधल्या गटानं २००३ मध्ये गाभण उंदरांना एसफ्लिट-१ दिलं. त्यांचं बीपी चढलं, लघवीत प्रथिन आलं.

मग रक्तातच आधी शोधायला काय हरकत? ११ ते १४ आठवड्यांत बाईची माहिती, बीपी, गर्भाशयाच्या धमनीची डॉपलर सोनोग्राफी आणि पीएलजीएफ यांचा मिळून हिशेब मांडतात. २०१७ च्या ‘अ‍ॅस्प्री’ या औषध-चाचणीत अशा हिशेबातून जोखमीच्या ठरलेल्या बायांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली, ३६ व्या आठवड्यापर्यंत. सदतिसाव्या आठवड्याआधी होणारा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला. गोळी चिल्लर पैशांची, महाग आहे ती तपासणी! गोळी अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

पायांवरच्या सुजेवर मात्र फार विसंबू नये. गरोदरपणात सूज पुष्कळ जणींना येते, म्हणून निदानाच्या निकषांतून ती केव्हाच वगळली आहे. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, ही लक्षणं दिसली की थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

बीपी चढायची वेळ येते तेव्हा बाई फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, दुसऱ्याच जिल्ह्यात असते. म्हणून बाराव्या आठवड्याचं मोल इथं जास्त: गाव सोडण्याआधी जोखीम कळली, तर गोळ्यांची पाकिटं बिऱ्हाडाबरोबर जाऊ शकतात. तिकडच्या उपकेंद्रात दंडाला पट्टा बांधण्याआधी पाच मिनिटं बसवलं, बीपी चढलेलं निघालं, लघवीत बुडवलेली पट्टी प्रथिनामुळे पिवळीची हिरवी झाली, तर नर्सताई पहिल्यांदा विचारणार, “आधीचं बीपी किती होतं?” आणि गरोदरपणाच्या तपासणीचं कार्ड असतं गावाकडच्या ट्रंकेत.