आभासी सर्व्हरमधील मेमरी व स्टोरेजचे व्यवस्थापन

एकाच यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर, म्हणजे व्हीएम, चालत असताना त्या यंत्राची रॅम आणि डिस्क त्यांच्यात वाटून देण्याचे तंत्र. हे वाटप हायपरव्हायजर नावाचे सॉफ्टवेअर करते. व्हीएमवेअर ईएसएक्सआय, हायपर-व्ही आणि २००७ पासून लिनक्स कर्नलमध्ये असलेले केव्हीएम हे त्यातले नेहमीचे प्रकार.

खान्देशातल्या वाचकाला यासाठी पांझरा काठची फड पद्धत आठवावी. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडांत जाते आणि कोणाला किती, हे पाटकरी पाहतो. हायपरव्हायजर हा तसाच पाटकरी, पण डोळ्यांवर पट्टी बांधलेला. पाटकऱ्याला उभे पीक दिसते. हायपरव्हायजरला मात्र व्हीएमने धरलेल्या मेमरीपैकी किती कामाची आणि किती नुसतीच अडवलेली, हे बाहेरून नीट कळत नाही. या विषयातली बरीचशी गुंतागुंत या आंधळेपणातून येते.

६४ जीबी रॅमच्या यंत्रावर १२ जीबीचे आठ व्हीएम चढवले, की कागदावर ९६ जीबी वाटली जाते. याला ओव्हरकमिट म्हणतात. सगळे एकदम मागत नाहीत, म्हणून ते निभते. ३१ मार्चला हिशेबाचे, बॅकअपचे आणि डेटाबेसचे व्हीएम एकाच वेळी मागू लागतात, तेव्हा खरी परीक्षा. अशा वेळी रॅम परत मिळवण्याचा शहाणा मार्ग म्हणजे बलूनिंग, म्हणजे फुगा फुगवणे. व्हीएमच्या आत बसवलेला ड्रायव्हर त्याच्याच ऑपरेटिंग सिस्टीमकडे मेमरी मागतो. कोणती पाने (मेमरीचे छोटे ठरावीक तुकडे) सोडायची हे ती सिस्टीम ठरवते आणि मोकळी झालेली रॅम हायपरव्हायजर दुसरीकडे देतो. व्हीएमवेअरचे कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये ईएसएक्सबद्दलच्या (ईएसएक्सआयच्या आधीचा हायपरव्हायजर) शोधनिबंधात ही युक्ती मांडली. सर्व्हर आतून कोणती रॅम सोडू शकेल हे त्यालाच विचारायचे, एवढेच तिचे मर्म. जावाची हीप (जावा प्रोग्रॅमने स्वतःसाठी घेतलेली मेमरी) किंवा डेटाबेसचा कॅश (पुन्हा लागणारी माहिती हाताशी ठेवण्याची जागा) यांच्यापुढे मात्र फुगा फारसा चालत नाही, कारण तिथली जवळजवळ सगळी रॅम वापरातली असते. अशा व्हीएमसाठी मेमरी राखून ठेवलेली बरी.

दोन व्हीएममधली सारखी पाने एकच ठेवण्याची सोयही आहे. लिनक्समध्ये तिला केएसएम (कर्नल सेमपेज मर्जिंग) म्हणतात. शेजारच्या व्हीएमची माहिती त्यातून हेरता येऊ शकते असे दिसल्यावर व्हीएमवेअरने २०१४ पासून व्हीएम-व्हीएममधली ही सोय मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली.

हे सगळे अपुरे पडले, की पाने डिस्कवर लिहिली जातात, हा स्वॅप. रॅममधले पान सुमारे १०० नॅनोसेकंदांत मिळते, फिरत्या डिस्कवर साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे लाखपट उशीर. म्हणूनच ‘डिस्क हळू आहे’ ही तक्रार पुष्कळदा रॅमची निघते. नवी डिस्क मागवण्याआधी होस्टवरचा, म्हणजे मूळ यंत्रावरचा, स्वॅप बघावा.

डिस्क खरोखर दोषी असेल, तर हिशेब असा. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद घेते; वाचणारे टोक जागेवर सरकण्याचा वेळही धरला, की तिच्याकडून सेकंदाला वाचण्या-लिहिण्याची ७५ ते १०० कामे होतात. प्रत्येक व्हीएम आपल्यापरीने ओळीने लिहीत असला, तरी आठ जणांच्या ओळी एकमेकींत मिसळून डिस्कपाशी पोचेपर्यंत त्यांचा भुगा झालेला असतो. त्यात रेड ५ मध्ये (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) एका लहान लेखनामागे दोन वाचने व दोन लेखने, अशी चार कामे होतात. ७५ कामांच्या चार डिस्क मिळून ३०० हा आकडा दिसतो, पण विखुरलेली लेखने ७५ च. रेड १० मध्ये प्रत्येक लेखन दोन डिस्कवर होते, म्हणून १५०. फिरता भाग नसलेल्या एसएसडीमुळे हे दुखणे पुष्कळ कमी झाले आहे.

स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची एका क्षणाची नोंदलेली स्थिती, हा बॅकअप नव्हे, तरी तो महिनोन्‌महिने तसाच पडलेला आढळतो. त्यानंतरचे बदल साठवणारी त्याची फरक-फाइल फुगत जाते आणि डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइली ठेवण्याची जागा) भरला की व्हीएम थांबतात.

इथल्या उन्हाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. एसी बंद पडला, की एनव्हीएमई (वेगवान जोडणीची) एसएसडी तापून स्वतःचा वेग उतरवते. रेड कार्डाच्या (रेडच्या डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाच्या) कॅशची बॅटरीही उष्णतेने लवकर दगावते. बॅटरी गेली, की बहुतेक कार्डे कॅशमध्ये लेखन साठवणे थांबवून थेट डिस्कवर लिहू लागतात. काहीही न बदलता एखाद्या पतसंस्थेचा सर्व्हर एका दुपारी अचानक मंदावला, तर सॉफ्टवेअर उसवण्याआधी ती बॅटरी तपासावी.