मूल उशिरा बोलतंय म्हणून मराठी बंद?

इंदूरच्या मराठी घरांत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: मुलाला डाऊन सिंड्रोम किंवा ऑटिझम आहे ना, मग घरात नुसती हिंदीच बोला, दोन भाषांनी त्याचा गोंधळ होतो.

होत नाही. २००५ साली कॅनडात डाऊन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांचा अभ्यास झाला. इंग्रजीत ती तशाच एकभाषिक मुलांच्या मागे नव्हती. ऑटिझमबाबतही पुढे हेच दिसलं. बोलायला उशीर होतो तो मूळ अवस्थेमुळे, आजीच्या चिऊ-काऊमुळे नव्हे. उलट मराठी बंद केली की आजीच गप्प होते, आणि मुलाशी मोकळं बोलणारं एक माणूस कमी होतं. हिंदी तर दाराबाहेर कानावर पडतेच. (आणि ‘पोहे खाऊन घे, जल्दी’ हा गोंधळ नव्हे, ती इंदुरी मराठी!)

आधी कान तपासून घ्या. स्पीच थेरपी हिंदीत असली, तरी घरी मराठी चालू द्या.