राज्यशास्त्रज्ञांचा पेशा व लोकसंवाद

राज्यशास्त्राचे अध्यापन व संशोधन हाच ज्यांचा पूर्णवेळ पेशा आहे, अशा विद्यापीठीय अभ्यासकांची व्यावसायिक घडण आणि वर्गाबाहेरच्या समाजाशी त्यांचे असलेले नाते यांचा विचार या विषयात होतो.

पेशाचा आरंभ कोठून धरावा, याबाबत मतभेद आहेत. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात १६२२ मध्ये स्थापन झालेले अध्यासन (विशिष्ट विषयासाठीचे प्राध्यापकपद) सर्वांत जुने मानले जाते. परंतु ते वक्तृत्व आणि शासनविद्या अशा जोडविषयाचे होते. दुसरा पक्ष अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातील फ्रान्सिस लीबर यांच्या १८५७ च्या नेमणुकीकडे बोट दाखवतो. तेथेही इतिहासाची जोड आहेच. एमिल बूत्मी यांनी १८७२ मध्ये पॅरिसला काढलेली संस्था आणि जॉन बर्जेस यांनी १८८० मध्ये कोलंबियात उभारलेला स्वतंत्र विभाग यांचेही दावे मांडले जातात. पॅरिसच्या संस्थेचा रोख मात्र प्रामुख्याने राज्यकारभाराची माणसे घडवण्याकडे होता. अध्यासन एका विद्वानाचे असते. पेशाला समव्यावसायिकांची संघटना आणि परस्परांचे लेखन तपासणारे नियतकालिक लागते. ही कसोटी लावल्यास १९०३ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन राज्यशास्त्र संघटना व १९०६ पासूनचे तिचे नियतकालिक हा आरंभ अधिक ग्राह्य ठरतो.

पहिल्या पिढीत अभ्यास व राजकारण यांतील सीमा पुसट होती. वुड्रो विल्सन हे अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते आणि १९१२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स मेरियम यांनी १९११ मध्ये शिकागोच्या महापौरपदाची निवडणूक लढवून ती गमावली. याउलट जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९१७ च्या म्यूनिक येथील व्याख्यानात, अध्यापकाने व्यासपीठावरून आपले राजकीय मत विद्यार्थ्यांवर लादू नये, अशी भूमिका घेतली. ही भूमिका वर्गापुरती होती; तिचा आधार घेऊन अभ्यासकाने सार्वजनिक जीवनातही मौन पाळावे असे सुचवणे वेबर यांच्यावर अन्याय करणारे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वर्तनवादाने, म्हणजे लोकांच्या प्रत्यक्ष राजकीय वर्तनाच्या निरीक्षणावर व मोजमापावर भर देणाऱ्या अभ्यासपद्धतीने, संख्याशास्त्रीय काटेकोरपणा आणला, पण सामान्य वाचक दुरावला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात याविरुद्ध असंतोष उफाळला. स्वतः वर्तनवादाचे प्रवर्तक असलेल्या डेव्हिड ईस्टन यांनीच अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेतील १९६९ च्या अध्यक्षीय भाषणात सामाजिक प्रस्तुतता आणि कृती यांची मागणी उचलून धरली. त्याआधी ‘कॅमेलॉट’ या अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रकल्पावर चिलीत गदारोळ होऊन तो १९६५ मध्ये रद्द झाला होता. सत्तेच्या फार जवळ गेलेल्या संशोधनाची विश्वासार्हता कशी ढासळते, याचे हे ठळक उदाहरण होय.

युनेस्कोच्या पुढाकाराने १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय राज्यशास्त्र संघटना स्थापन झाली; अमेरिका, कॅनडा, फ्रान्स व भारत येथील संघटना तिच्या संस्थापक सदस्य होत.

वृत्तपत्रीय लेखन, निवडणूक-विश्लेषण, न्यायालयातील तज्ज्ञ-साक्ष, धोरणविषयक सल्ला ही लोकसंवादाची रूढ रूपे. बढतीच्या वेळी मात्र बहुधा संशोधनलेखच मोजले जातात. ब्रिटनमधील विद्यापीठांच्या संशोधन-मूल्यमापनाने २०१४ मध्ये समाजावरील प्रभावाला २० टक्के व २०२१ मध्ये २५ टक्के भार दिला. दाखवता येणारा प्रभाव त्यामुळे मोजला गेला. धोरणकर्त्यांना नकोशा वाटणाऱ्या टीकेला त्यात जागा मिळणे अवघड आहे. अशी टीका करणाऱ्याला सेवाशाश्वतीचा, म्हणजे सहजी काढून टाकता न येणाऱ्या कायम नोकरीचा, आधार लागतो. अमेरिकी प्राध्यापक व महाविद्यालयांच्या संघटनांनी १९४० मध्ये मान्य केलेल्या निवेदनानुसार, नागरिक म्हणून बोलणाऱ्या अध्यापकावर संस्थेने निर्बंध घालू नयेत. मात्र आपण संस्थेच्या वतीने बोलत नाही, हे त्याने स्पष्ट करावे. अल्पमुदतीच्या करारावर शिकवणाऱ्यांना हे संरक्षण प्रत्यक्षात फारच तुटपुंजे मिळते.