सायलेन्सरचा नट सुटत का नाही?

सायलेन्सरचा बेंड, म्हणजे इंजिनाकडून येणारा वाकडा पाइप, इंजिनाला धरून ठेवणारा नट गाडीतल्या सगळ्या नटांत हट्टी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कुठल्याही मेकॅनिकला विचारा. गॅस्केट, म्हणजे जोडातून धूर गळू नये म्हणून लावलेली चकती, बदलायच्या पाच मिनिटांच्या कामासाठी अख्खी दुपार जाते, आणि घाईत जोर लावला की कट्. नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, म्हणजे स्टड, अर्धा पान्यात, अर्धा इंजिनाच्या हेडमध्ये (वरच्या भागात).

याचं मूळ उष्णतेत आहे. भार घेतलेल्या पेट्रोल इंजिनातून निघणारा धूर ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. बोल्टला गंज लागू नये म्हणून दिलेलं जस्ताचं पाणी ४२० अंशांना वितळतं. धातू धुराइतका तापत नसला, तरी बेंडच्या तोंडाशी हा थर फार काळ तग धरत नाही. मग उघडं लोखंड आणि मुंबईची खारी हवा समोरासमोर येतात. वरळी किंवा वर्सोव्याला समुद्रालगत लावलेल्या गाडीवर मिठाचे बारीक कण बसत राहतात. इंजिन तापलं की पाणी उडून जातं, मीठ मात्र तिथेच राहतं आणि रात्री हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतं. गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे, आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहत असल्याने ती झपाट्याने पुढे सरकते.

तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. नट आणि स्टडच्या आट्यांमधली फट जेमतेम केसाएवढी. तिथे फुगलेला गंज दोघांना घट्ट जखडून टाकतो. अशा वेळी पान्याचा सगळा जोर स्टडला पीळ देण्यात जातो. गंजाची पकड पोलादाला भारी पडली की दांडाच तुटतो. म्हणूनच पान्याला लांब पाइप अडकवून लोंबकळणं मला अगदी चुकीचं वाटतं.

आधी थंड इंजिनावर तारेच्या ब्रशने आटे घासावेत, मग गंज सोडवणारं पातळ तेल सोडावं. थेंब नटाच्या कडेला टेकवून नीट बघा: तो ओघळण्याऐवजी आट्यांच्या रेषेत आत ओढला जातो. हे केशाकर्षण. पण गंजाने गच्च भरलेल्या फटीत त्याला वाट शोधायला वेळ लागतो, तेव्हा रात्रभर थांबणं उत्तम. मधूनमधून हातोडीने हलके ठोके दिले तर ठिसूळ गंजाला बारीक चिरा पडतात आणि तेल खोल जातं.

तरीही नट हलला नाही, तर आच. पुष्कळांना वाटतं, नट तापला की भोक लहान होईल. होतं उलट. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती आधी तापवतात, कारण तापल्यावर तिचा घेर वाढतो. नटाचंही तेच. १० मिलिमीटर व्यासाचं पोलादी भोक ४०० अंशांनी तापवलं तर सुमारे ०.०५ मिलिमीटरने मोठं होतं. कागदाच्या जाडीच्या निम्मंच, पण गंजाची पकड तडकायला अनेकदा तेवढं पुरतं. त्यासाठी आच फक्त नटावर आणि झटपट द्यायची, म्हणजे आतला स्टड तुलनेने थंड राहतो. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर फार जपून: ॲल्युमिनियम ६६० अंशांना, लाल न होताच, वितळतं. पेट्रोलची टाकी आणि नळ्या आधी दूर कराव्यात, सांडलेलं तेल पुसून घ्यावं. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर आच नकोच; त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रव असतात आणि ते तापले की विषारी वायू निघतो.

पाना नेहमी सहा कोनांचाच घ्यावा, बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. पहिला हिसका चक्क आवळायच्या दिशेने, अगदी किंचित. 'कर्र' असा आवाज आला की पकड सुटली समजा. तरी सलग फिरवू नका. पाव फेरा सोडवा, थोडा परत आवळा, तेल घाला, पुन्हा सोडवा. नाहीतर गंजाचा भुगा आट्यांत साचून नट पुन्हा जाम होतो.

बसवताना नवे पितळी नट आणि आट्यांना कॉपर ग्रीसचा पातळ हात. एरवी आवळण्याचा जवळजवळ ९० टक्के जोर घर्षणात खर्च होतो. ग्रीस लावल्यावर घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (आवळण्याच्या जोराचं माप) इथे थोडा कमी करावा लागतो.