खरेदीची लिंक लेखात कुठे असावी? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ॲमेझॉनने आपली ॲफिलिएट योजना, म्हणजे आपल्या लिंकवरून कोणी खरेदी केली की लिंक देणाऱ्याला कमिशन, जुलै 1996 मध्ये सुरू केली, तेव्हा तिथे फक्त पुस्तके मिळत. पुस्तकाबद्दल लिहायचे आणि त्याच्या नावालाच लिंक द्यायची, एवढा तो मामला होता. लिंक वर द्यावी, मध्ये द्यावी की शेवटी, यावरून आज जी ओढाताण चालते ती बरीच नंतरची. तिची मुळे शोधायला 2009 पासून सुरुवात केली तरी पुरते.

त्याआधी कमिशनचा एक नियम लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचे बरेचसे त्यातून निघाले. ॲमेझॉनच्या योजनेत वाचकाने लिंकवर क्लिक केल्यापासून 24 तासांची मुदत असते. त्या वेळात त्याने लेखातली वस्तू सोडून दुसरेच काही घेतले, तरी त्यावर सहसा कमिशन मिळते. म्हणजे मिक्सरचा लेख वाचायला आलेल्या माणसाने चपला घेतल्या तरी लेख छापणाऱ्याच्या खात्यात काहीतरी जमा होतेच. साहजिकच वाचकाला पटले की नाही यापेक्षा त्याने क्लिक केले की नाही, हे महत्त्वाचे ठरले. पहिल्याच परिच्छेदाच्या डोक्यावर ‘आमची निवड’ अशी चौकट आणि तिच्यात मोठे रंगीत बटण, हे त्या हिशेबाचे फळ आहे.

चौकटीच्या बाजूने एक प्रामाणिक मुद्दा मांडला जातो, तो टाळू नये. वाचकांच्या नजरेचा माग काढणाऱ्या अभ्यासांत 2010 साली असे दिसले की पान पाहण्याचा सुमारे 80 टक्के वेळ स्क्रोल न करता दिसणाऱ्या भागावर जातो. 2018 मध्ये तेच प्रमाण 57 टक्क्यांवर आले. लोक खाली जायला शिकले, तरी निम्म्याहून जास्त लक्ष वरच होते. घाईतल्या वाचकाला वरच उत्तर मिळाले तर त्यात गैर काय, असे चौकटवाले विचारतात. प्रश्न रास्त आहे. फक्त उत्तर वर देणे आणि विकत घ्यायचे बटण वर देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बहुतेक संपादकीय बैठकांत त्या एकच समजल्या जातात.

आता मूळ वादाकडे. ऑक्टोबर 2009 मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने (FTC) शिफारशींबाबतची आपली जुनी मार्गदर्शक तत्त्वे बदलली आणि 1 डिसेंबरपासून ती ब्लॉग लिहिणाऱ्यांनाही स्पष्टपणे लागू झाली. विक्रेत्याशी पैशाचा संबंध असेल तर तो सांगायचा. तो कुठे सांगायचा, यावर मात्र पुढची कित्येक वर्षे खल चालला. ऑनलाइन खुलाशांबद्दल त्याच आयोगाचा 2000 सालचा सल्ला असा होता की खुलासा दाव्याच्या जवळ असावा आणि शक्यतो त्याच स्क्रीनवर दिसावा. मार्च 2013 च्या नव्या सल्ल्यात हे ‘शक्य तितक्या जवळ’ असे झाले. वरवर पाहता फरक किरकोळ वाटतो, पण दरम्यान वाचक मोबाइलवर आले होते. संगणकाच्या एका स्क्रीनवर मावणारा मजकूर मोबाइलवर चार-पाच स्क्रीन होतो. लेखाच्या तळाशी एक ओळ टाकून मोकळे होणाऱ्यांची त्यामुळे अडचण झाली.

पुढे आयोगाने प्रश्नोत्तरांच्या रूपात आणखी उलगडून सांगितले. खुलासा ‘आमच्याविषयी’च्या पानावर दडवलेला चालणार नाही. परीक्षणाच्या खाली किंवा दुकानाच्या लिंकच्या खाली टाकलेलाही चालणार नाही. नुसते ‘ॲफिलिएट लिंक’ एवढे शब्द पुरेसे नाहीत, कारण सर्वसाधारण वाचकाला त्यावरून पैशाचा संबंध कळतोच असे नाही. आणि या सगळ्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे: खुलासा असलेले परीक्षण आणि लिंक एकाच वेळी नजरेसमोर असतील तर एकच खुलासा पुरू शकतो, पण परीक्षण एकीकडे आणि लिंक दुसरीकडे असेल तर वाचकाच्या मनात दोन्हींचा सांधा तुटू शकतो.

हा नियम खुलाशाचा म्हणून वाचला गेला, आणि तिथेच घोळ झाला. प्रकाशकांनी लेखाच्या माथ्यावर एक ओळ चिकटवली, लिंका होत्या तिथेच ठेवल्या आणि काम झाले असे मानले. वास्तविक त्यातून लिंकच्या जागेबद्दलच सांगितले जात होते की शिफारस, तिचे कारण आणि लिंक एका नजरेत मावली पाहिजेत. मिक्सरच्याच लेखात ‘रोज इडली-डोशाचे पीठ वाटणार असाल तर 500 वॉटचा लवकर तापेल, 750 वॉटचा घ्या’ या वाक्याला जोडून दिलेली लिंक वाचकाला कारणासकट मिळते. एकट्यापुरती चटणी वाटणारा माणूस ते वाक्य वाचतो आणि लिंक सोडून पुढे जातो, तेही योग्यच. वरच्या चौकटीतल्या बटणावर मात्र दोघेही सारखेच क्लिक करतात, आणि चटणीवाल्याच्या घरी नको तेवढा मोठा मिक्सर येतो.

सर्च इंजिनांनी या काळात केलेले बदल जास्त करून लिंकच्या कोडशी संबंधित होते. 2005 मध्ये आलेली ‘नोफॉलो’ खूण (या लिंकला वजन देऊ नका, असे सर्च इंजिनाला सांगणारी) आणि सप्टेंबर 2019 मध्ये गुगलने पैशाच्या लिंकांसाठी आणलेली ‘स्पॉन्सर्ड’ खूण, दोन्ही वाचकाला दिसत नाहीत. त्याला दिसला तो परिणाम 2021 मधला. त्या वर्षी एप्रिलमध्ये उत्पादन-परीक्षणांसाठी गुगलचे वेगळे निकष आले, आणि डिसेंबरमध्ये एकाहून अधिक विक्रेत्यांच्या लिंका द्याव्यात अशी सूचना आली. एका बटणाच्या जागी शेजारी-शेजारी दोन-तीन बटणे दिसू लागण्यामागे हेही एक कारण आहे. वाचकाला पर्याय मिळाला हे चांगलेच, पण लेखातली तेवढी जागा मजकुराच्या हातून आणखी गेली.

भारतात हा विषय उशिरा आणि मुख्यतः इन्फ्लुएन्सरांच्या निमित्ताने आला. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने जून 2021 पासून जाहिरात असल्याचे लेबल सक्तीचे केले. जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आली. जानेवारी 2023 मध्ये शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तिका निघाली. खुलासा ठळक असावा, हॅशटॅग आणि लिंकांच्या गर्दीत मिसळू नये, हा तिचा रोख. लांबलचक लेखात लिंक नेमकी कुठे असावी याचा तपशील त्यात जवळजवळ नाहीच, त्यामुळे इकडचे लेख अमेरिकी साच्यावरच चालतात.

मराठी वाचकाच्या दृष्टीने 2022 च्या तत्त्वांतली एक अट इथे महत्त्वाची आहे: दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याखालची सूचना. ॲमेझॉनच्या योजनेत सहभागी होणाऱ्याला आपल्या साइटवर संबंध जाहीर करणारे वाक्य द्यावे लागते, आणि मराठी लेखांखाली ते पुष्कळदा इंग्रजीतच, बारीक अक्षरात, शेवटच्या लिंकच्याही खाली दिसते. तिथे भाषाही चुकते आणि जागाही. ‘या लेखातल्या लिंकवरून खरेदी केलीत तर आम्हाला कमिशन मिळते’ ही ओळ पहिल्या लिंकच्या आधी यायला हवी, आणि लेख लांब असेल तर प्रत्येक मोठ्या शिफारशीपाशी थोडक्यात पुन्हा यायला हवी.