गांडूळ कापलं की दोन होत नाहीत, प्लॅनेरियाचे होतात

कुदळीच्या घावात गांडूळ तुटलं की 'आता एकाची दोन झाली' असं कुणीतरी म्हणतंच. होत नाहीत. घाव गांडुळाच्या अंगावरच्या जाडसर पट्ट्याच्या बराच मागे बसला असेल, तर डोक्याकडचा तुकडा शेपूट पुन्हा वाढवू शकतो. मागचा तुकडा थोडा वेळ वळवळतो आणि बहुधा मरतो. काही जातींत त्याच्या पुढच्या टोकालाही शेपूटच फुटते. मग तोंडच नसल्याने उपासमार ठरलेली.

रक्तबीजाची गोष्ट खरी करतो तो प्लॅनेरिया. गोड्या पाण्यात दगडांखाली राहणारा, सेंटिमीटरभर लांब, तिरळ्या डोळ्यांचा चपटकृमी. शरीराच्या 1/279 एवढ्या तुकड्यापासूनही अख्खा प्राणी घडतो, हा आकडा जीवशास्त्रज्ञ टॉमस हंट मॉर्गन यांच्या 1898 च्या कामातून आलेला आहे.

याचं भांडवल म्हणजे निओब्लास्ट नावाच्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल. अंगातल्या पेशींपैकी साधारण 20 ते 30 टक्के याच, आणि विभाजन फक्त यांचंच होतं. किरणांचा मारा करून त्या सगळ्या नष्ट केल्या की प्राणी काही आठवड्यांत मरतो. 2011 मध्ये अशा मरणपंथाला लागलेल्या प्लॅनेरियांमध्ये दुसऱ्याची एकच निओब्लास्ट टोचली, तर तिच्या वंशावळीने काहींचं सगळं शरीर नव्याने भरून काढलं. आपल्या अंगात मोठेपणी अशी सर्वसमर्थ पेशी उरत नाही, आणि 'स्टेम सेल' छापलेल्या क्रीमच्या डबीत तर ती नसतेच.

पण माल असून भागत नाही, डोकं कुठे नि शेपूट कुठे हे कळायला हवं. आडवा काप घ्या. सुरीच्या डोक्याकडच्या बाजूच्या पेशी शेपूट घडवतात, शेपटीकडच्या बाजूच्या डोकं. क्षणापूर्वी त्या एकमेकींच्या शेजारणी होत्या! जखम होताच काही तासांत स्नायुपेशींमध्ये डब्ल्यूएनटी-1 हे जनुक चालू होतं, तेही जखम कुठल्याही बाजूची असो. त्याचा निरोप एकच: शेपूट कर. डोक्याच्या दिशेला उघडलेल्या जखमेत मात्र नोटम हे दुसरं जनुक जोरात चालू होतं आणि त्याचं प्रथिन हा निरोप दाबून टाकतं. निरोप दबला की डोकं. नोटम बंद पाडलं तर डोक्याच्या जागी शेपूट येऊ शकते. उलट, निरोप पेशीच्या आत पोचवणारं बीटा-कॅटेनिन बंद पाडलं तर शेपटीच्या जागी डोकं येतं. हे 2008 मध्ये दिसलं. जखमेला आपली बाजू कळते ती अंगाच्या लांबीने धावणाऱ्या स्नायुतंतूंमुळे. ते तंतू बनू दिले नाहीत तर निओब्लास्ट असूनही अवयव परत येत नाहीत. म्हणजे माल निओब्लास्टचा, नकाशा स्नायूंचा.

कापण्याआधी प्राण्याला आठवडाभर उपाशी ठेवतात, कारण भरल्या आतड्यातून गळलेल्या अन्नाने पाणी नासतं. पाणी क्लोरीनविरहित हवं, तापमान 20 अंशांच्या आसपास. तांब्याच्या भांड्यातलं पाणी त्याला विष. बर्फावर ठेवला की तो आखडतो, तेव्हा नव्या ब्लेडने एका दाबात कापायचा. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. दोन-तीन दिवसांत जखमेवर पांढरट, रंगहीन कोंब दिसतो, आठवड्याच्या आतबाहेर त्यात डोळ्यांचे ठिपके येतात आणि दोनेक आठवड्यांत काम पुरं होतं.

डोळ्यांच्या पुढचं टोक किंवा नुसता घसा कापून ठेवला तर काहीच उगवत नाही, तिथे निओब्लास्ट नसतात. आडवी चकती फार पातळ निघाली तर दोन्ही टोकांना डोकी येऊ शकतात. आणि शेपटीच्या तुकड्यासमोर लगेच खायला लिव्हर टाकण्यात अर्थ नाही. प्लॅनेरियाचं तोंड पोटाच्या मध्यावर, घशाच्या टोकाला असतं, आणि तो घसाच अजून तयार झालेला नसतो. तोवर तुकडा अंगातलाच साठा वापरतो, जुन्या भागांची फेरमांडणी करतो, आणि तयार होतो तो आधीपेक्षा बराच छोटा, पण प्रमाणबद्ध प्लॅनेरिया.