तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब, नांदेड

नांदेड शहरात गोदावरीजवळ असलेले ऐतिहासिक गुरुद्वारा. शीख पंथाच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, हे एक. अमृतसरचे अकाल तख्त, आनंदपूरचे केसगढ साहिब आणि तलवंडी साबोचे दमदमा साहिब ही तीन पंजाबात, चौथे बिहारमध्ये पाटण्याला आणि पाचवे नांदेडला आहे. दहावे गुरू गोविंदसिंग यांचा जन्म 1666 साली पाटण्याचा आणि देहावसान 7 ऑक्टोबर 1708 रोजी नांदेडचे. ‘हजूर’ म्हणजे प्रत्यक्ष उपस्थिती. हा शब्द इथे नुसता आदरार्थी नाही. गुरू आजही समोर आहेत असे मानूनच इथली नित्यसेवा चालते, आणि ती पाहिल्याशिवाय हे स्थान नीट समजत नाही.

बादशहा बहादूरशहा दख्खनच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा गुरू गोविंदसिंग त्याच्याबरोबर दक्षिणेत आले आणि 1708 मध्ये नांदेडला राहिले. गोदावरीकाठी माधोदास नावाच्या बैराग्याशी त्यांची भेट झाली. हाच बैरागी पुढे बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात लढला. बंदाघाट गुरुद्वारा त्या भेटीची आठवण जपते. काही दिवसांतच एका पठाणाने गुरूंवर खंजिराने वार केला. जखम शिवली होती, ती भरतही आली होती. पण एक जड धनुष्य ओढताना टाके उसवले, असे परंपरा सांगते. अंत जवळ आल्यावर गुरूंनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवली आणि गुरुगादी ग्रंथसाहिबाला दिली. शीख धर्माच्या इतिहासातला इतका मोठा निर्णय मराठवाड्यात झाला, हे महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकी इतिहासात ठळकपणे यायला हवे. या घटनेची त्रिशताब्दी 2008 साली ‘गुरु-ता-गद्दी’ सोहळ्याने साजरी झाली. भाई संतोखसिंग यांनी इथेच राहून लंगर, म्हणजे सर्वांसाठीचे मोफत सामूहिक जेवण, चालू ठेवावा, अशी गुरूंची आज्ञा होती, असेही मानतात.

आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंग यांनी 1832 ते 1837 या काळात बांधवली. तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. त्याच सुमारास निजामाच्या चाकरीसाठी पंजाबातून शीख फौज दख्खनमध्ये आली आणि त्यातली अनेक कुटुंबे इथेच स्थिरावली. नांदेडच्या जुन्या शीख घरांतली भाषा म्हणूनच पंजाबीइतकीच दखनी हिंदीची आणि मराठीची आहे.

गुरूंचे दहन झाले त्या जागेवर असलेल्या आतल्या दालनाला ‘अंगीठा साहिब’ म्हणतात. त्यात गुरूंची शस्त्रे ठेवलेली आहेत. आत फक्त मुख्य सेवेकरी जातात, यात्रेकरू बाहेरूनच माथा टेकतात. गुरू ग्रंथसाहिब अंगीठ्यासमोर विराजमान असतो आणि दसम ग्रंथही (गुरू गोविंदसिंगांच्या नावाने मानला जाणारा ग्रंथ) इथे उघडून मांडला जातो. पहाटेपूर्वी गोदावरीचे पाणी ‘गागर’ भरून आणतात आणि त्या पाण्याने अंगीठ्याचे स्नान होते. संध्याकाळी दिव्यांनी आरती होते आणि शस्त्रांचे दर्शन घडवले जाते. या तख्ताचे जथेदार, म्हणजे प्रमुख, परंपरेने ब्रह्मचारी असतात.

पंजाबातून पहिल्यांदाच येणारा भाविक या आरतीपाशी थबकतो. सिंग सभा या एकोणिसाव्या शतकातल्या शीख सुधारणा चळवळीनंतर तिकडे असे विधी मागे पडले. पंजाबातल्या गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीच्या रहत मर्यादेलाही (शिखांच्या आचारसंहितेलाही) दिव्यांची आरती मान्य नाही. गुरू नानकांच्या आरतीत आकाश हेच तबक आहे आणि सूर्य-चंद्र हे दिवे. मग हातातले दिवे कशाला, हा आक्षेप बिनबुडाचा म्हणता येत नाही. पण नांदेडच्या रीतीला केवळ शेजारच्या देवळांची छाया समजणे उथळपणाचे ठरेल. पंजाबपासून दूर राहिल्यामुळे पंथातला एक जुना थर इथे टिकून राहिला, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

दसऱ्याला शस्त्रपूजा होते आणि ‘हल्ला महल्ला’ ही मिरवणूक निघते. निशाण साहिब हा पंथाचा ध्वज पुढे, पाठोपाठ गुरूंच्या घोड्याच्या वंशातले मानले जाणारे घोडे, आणि मग ‘बोले सो निहाल, सत श्री अकाल’ च्या गजरात उघड्या तलवारी घेऊन धावणारी संगत, म्हणजे जमलेले भाविक. होळीलाही असाच हल्ला होतो. दिवाळीच्या आधी ‘तख्तस्नान’ असते. त्या दिवशी संगत गोदावरीचे पाणी आणून तख्त धुते आणि शस्त्रांची सफाई होते.

दर्शनाला कोणत्याही धर्माच्या माणसाला मोकळीक आहे. पादत्राणे जोडाघरात ठेवून, पाय धुऊन आणि डोके झाकून आत जायचे. रुमाल किंवा ओढणी चालते. तंबाखू, विडी, दारू जवळ ठेवायची नाही. माथा टेकल्यावर कडाह प्रसाद मिळतो, तो दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचा. कणीक, तूप आणि साखर समप्रमाणात घालून केलेला हा शिरा तुपाने इतका मऊ असतो की ओंजळ घट्ट धरावी लागते. लंगरात सर्वांनी एकाच पंगतीत जमिनीवर बसायचे आणि पोळी मागून घ्यायची. जेवण झाल्यावर भांडी घासायला किंवा जोडे पुसायला बसलेल्यांत जाऊन बसले, तरी कोणी ओळख विचारत नाही.

मराठी माणसाचे इथले नाते निव्वळ भौगोलिक नाही. ग्रंथसाहिबात संत नामदेवांची 61 पदे आहेत. अंगीठ्यासमोर ग्रंथाला माथा टेकणारा वारकरी नामदेवांच्या शब्दांपुढेही झुकत असतो.

शहरात आणि परिसरात नगीनाघाट, शिकारघाट, हिराघाट, मालटेकडी, संगत साहिब, माता साहिब देवाँ अशी गुरुद्वारे आहेत. मुख्य गुरुद्वाऱ्याच्या कारभारासाठी 1956 चा स्वतंत्र कायदा आहे. रेल्वे स्थानकाचे नावही ‘हजूर साहिब नांदेड’ आहे. अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस इथूनच सुटते आणि वाटेतल्या अनेक स्थानकांवर सेवेकरी फलाटावर उभे राहून प्रवाशांच्या डब्यांत लंगर वाढतात.